ही उपासनाच आहे

"ते समाजकार्य झालं, उपासना नव्हे." आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं की ऐकणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. कमिटीच्या सभेत कोणी सुचवतं की या वर्षी नवीन साउंड सिस्टिम नको, अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या औषधपाण्यासाठी ती रक्कम बाजूला काढू. लगेच उत्तर मिळतं की चर्चचं पहिलं काम उपासना; औषधपाण्याला संस्था आहेत, सरकार आहे. एखादा तरुण पुराच्या गावात दोन-तीन आठवडे चिखल उपसून परततो. त्याचं कौतुक घाईघाईने उरकलं जातं आणि मग प्रश्न येतोच, "पण इतके रविवार प्रभूच्या घरी दिसला नाहीस?" प्रभू त्या रविवारी त्या गावात नव्हता, असं विचारणाऱ्याला खरंच वाटतं का?

हे मत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि आता ते ऐकून गप्प बसवत नाही. ते नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्या मतामुळे चांगल्या माणसांना आपण देवापासून दूर गेलो आहोत असं वाटू लागतं, आणि ज्यांनी कधी कोणाच्या उशाशी रात्र काढली नाही त्यांना आपलं सगळं देणं फेडून झाल्यासारखं वाटतं. हे नुकसान फार मोठं आहे.

आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण जोरानिशी मांडतो, कारण ते म्हणणारी माणसं ढोंगी नाहीत. पहाटे उठून गुडघे टेकणारी, उपवास करणारी, दशांश न चुकवणारी माणसं हे म्हणतात. त्यांच्या मते उपासना म्हणजे माणसाने देवाकडे तोंड करणं. गीत, प्रार्थना, वचन, प्रभुभोजन हे सगळं देवासाठी असतं. सत्कृत्य माणसांसाठी असतं. ते चांगलंच, पण ते देव न मानणाराही करतो, मग त्यात ख्रिस्ती असं काय उरलं? शिवाय कृत्यांना फार वजन दिलं की माणूस स्वतःच्या पुण्याईवर तारण मिळवू पाहतो, आणि तारण तर केवळ कृपेने, विश्वासाने मिळतं. मार्था कामात गढली होती आणि मरीया प्रभूच्या पायांशी बसली होती; प्रभूने कोणाची बाजू घेतली? बेथानीत एका स्त्रीने मोलाचं सुगंधी तेल प्रभूवर ओतलं, तेव्हा 'हे विकून गरिबांना देता आलं असतं' म्हणणाऱ्यांना प्रभूने गप्प केलं की नाही? तेव्हा आधी उपासना, मग वेळ आणि पैसा उरला तर सेवा.

दिसायला हा युक्तिवाद मोठा भक्तिमान आहे. बायबलपुढे आणि मंडळीच्या स्वतःच्या इतिहासापुढे तो टिकत नाही.

एक काम देवासाठी आणि दुसरं माणसांसाठी, ही वाटणीच मुळात कुठून आली? मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, प्रभू येशू शेवटच्या न्यायाचं चित्र उभं करतो. राजा सिंहासनावर बसला आहे आणि सगळी राष्ट्रं त्याच्यापुढे जमली आहेत. तिथे कोणाकोणाचा विषय निघतो ते आठवा: भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगात पडलेला. किती गीतं पाठ होती, किती वेळ गुडघ्यांवर होतास, असा एकही प्रश्न त्या प्रसंगात नाही. आणि राजा असंही म्हणत नाही की तू त्या गरिबाशी बरा वागलास म्हणून मी तुझ्यावर प्रसन्न आहे. तो म्हणतो की तिथे मीच होतो. डाव्या बाजूला उभे केलेले लोकही त्याला 'प्रभू' म्हणूनच हाक मारतात, हे आपण वाचताना फार पटकन ओलांडून जातो. त्यांच्या तोंडी त्याचं नाव होतं. त्याला ओळखण्याची वेळ आली तेव्हा ते दुसरीकडे बघत होते. मग देवाशी थेट व्यवहार नक्की कोणाचा झाला?

संदेष्ट्यांनी हे त्याआधी कित्येक शतकं सांगून ठेवलं आहे. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. तो बेथेलच्या देवस्थानात जाऊन बोलला, तेव्हा तिथे कशाची वाण नव्हती. सण पाळले जात होते, बलिदानं होत होती, गायन-वादन चाललं होतं. त्याच देशात गरीब माणूस जोड्याच्या मोलाने विकला जात होता. देवाने आमोसच्या तोंडून त्या सणांचा तिटकारा केला, गाण्यांचा आवाज बंद करा म्हणून सांगितलं. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाचं तेच. ज्या दिवशी लोक उपवास करून मान खाली घालत होते, त्याच दिवशी आपल्या मजुरांना पिळून काढत होते. देवाला कसला उपवास हवा, हे तिथे स्पष्ट सांगितलं आहे: जुलमाची बंधनं तोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, बेघराला घरात घ्या. उपवासाच्या सभेत हाच अध्याय मोठ्याने वाचणारी आणि सोमवारी घरकामाच्या बाईचा खाड्याचा पगार कापणारी माणसं आमच्यात आहेत. त्यांच्या उपवासाला यशया काय म्हणाला असता, हे मी वेगळं सांगायला नको.

स्वतः प्रभूने तर याहून कडक सांगितलं. वेदीपुढे अर्पण घेऊन उभा असताना आठवलं की भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे उपासना अर्ध्यावर थांबव. आमच्याकडे याच्या उलट चालतं. चर्चच्या जमिनीवरून, ट्रस्टच्या खुर्च्यांवरून दोन गट पडतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं तारखा पडतात, आणि दर रविवारी दोन्ही गट एकाच छताखाली दोन बाजूंच्या बाकांवर बसून एकच गीत गातात. उपासना एकदाही थांबत नाही. थांबायला हवी होती.

पहिल्या मंडळीला ही उपासना-सेवेची वाटणी ठाऊकच नव्हती. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक प्रभुभोजनाला आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि उशिरा येणारे कष्टकरी उपाशी राहत. पौलाने त्यांना काय लिहिलं? तुम्ही खाता ते प्रभुभोजन नव्हेच. भाकर होती, द्राक्षारस होता, प्रभूचं नाव होतं, आणि तरी पौलाच्या लेखी ते प्रभुभोजन झालं नाही, कारण शेजारचा भाऊ भुकेला बसला होता. आमच्यात ख्रिस्ती होऊन चार-पाच पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न विचारला जातो. एकाच पेल्यातून पिऊन झाल्यावर तासाभरात हा प्रश्न निघतो. पौलाचं ते पत्र आमच्याही पत्त्यावर आलेलं आहे.

इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने सम्राटाला उद्देशून एक कैफियत लिहिली. रविवारी ख्रिस्ती लोक जमून काय करतात याचं सगळ्यांत जुन्या वर्णनांपैकी एक त्यात आहे. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात, प्रमुख बोध करतो, सगळे उठून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. पण वर्णन इथे संपत नाही. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर घेऊन जातात. ज्यांची ऐपत आहे ते आपापल्या इच्छेने देतात आणि जमलेल्या पैशांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतली जाते. जस्टिनने हे 'आमचं समाजकार्य' अशा वेगळ्या मथळ्याखाली लिहिलेलं नाही. रविवारच्या उपासनेचं वर्णन करतानाच, त्याच ओघात लिहिलं आहे. आजही आमच्याकडे अर्पणाची थैली उपासनेच्या मधोमधच फिरते. ते पैसे पुढे कुठे जातात, एवढंच बदललं. त्यातले किती रंगकामाला गेले आणि किती विधवांना, हे एकदा आपल्या मंडळीच्या ताळेबंदात बघावं.

याच्या दोनशे वर्षांनंतर जूलियन हा रोमन सम्राट ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक म्हणून राज्यावर आला. इ.स. 362मध्ये त्याने आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला लिहिलं की हे गालीलवाले, म्हणजे ख्रिस्ती लोक, स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आहे. म्हणून आपणही धर्मशाळा काढाव्यात. ख्रिस्ती गायनाचा किंवा लांबलचक प्रार्थनांचा धसका त्याने घेतला नव्हता. शत्रूला आमच्या विश्वासाची ताकद कुठे आहे हे दिसलं होतं, आणि आम्हाला ती दाखवून द्यावी लागते!

'कृत्यांनी तारण नाही' हे उत्तर तर हमखास पुढे केलं जातं. कबूल. तारण विकत मिळत नाही, हे मी एका शब्दाने नाकारत नाही. पण आजाऱ्याची पाठ पुसणारी व्यक्ती तारण विकत घ्यायला आली आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? 'केवळ विश्वासाने' हे ज्याने युरोपभर गाजवलं त्या मार्टिन लुथरकडेच बघा. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलवलं गेलं, प्राध्यापक-विद्यार्थी निघून गेले, लुथरलाही निघायला सांगण्यात आलं. तो राहिला. पत्नी काथारिना गरोदर होती, तरी त्यांच्या घरात रोग्यांना जागा मिळाली. प्लेगच्या वेळी पळून जावं का, या प्रश्नावर त्याने त्याच सुमारास एक पत्रवजा पुस्तिका लिहिली. तिच्यात तो मत्तयाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवतो आणि आजारी शेजाऱ्याच्या रूपात ख्रिस्तच समोर आहे असं बजावतो. कृत्यांवर भिस्त ठेवू नका म्हणणाऱ्या माणसाचं घर दवाखाना झालं होतं. त्याचं नाव घेऊन तुम्ही घराचं दार कसं लावून घेता? आणि विश्वास की कृत्यं, याच प्रश्नावरून जवळपास पाचशे वर्षं भांडलेल्या लुथरन आणि कॅथोलिक मंडळ्यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेनेच मिळतं आणि ती कृपा माणसाला सत्कृत्यांसाठी बळ देते, इतकं दोघांनीही एकमुखाने मान्य केलं आहे. तो वाद आता आळसाच्या बचावासाठी वापरू नये.

मरीया-मार्थाची गोष्ट सांगणाऱ्यांनी लूकचा तो अध्याय वरपासून वाचावा. दहाव्या अध्यायात मार्थाच्या घराच्या लगेच आधी काय आहे? यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, त्याला बघून पलीकडच्या बाजूने निघून जाणारा याजक आणि त्याच्या मागून तसाच जाणारा लेवी. दोघेही उपासनेच्या कामातले. थांबला तो शोमरोनी, ज्याची उपासना यहुदी लोकांच्या मते मुळातच चुकीच्या डोंगरावर होत होती. लूकने या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. मार्थाला प्रभूने स्वयंपाकाबद्दल बोल लावला नाही. तिचा जीव बारा ठिकाणी ओढला जात होता आणि ती बहिणीची तक्रार करत होती, त्याबद्दल बोलला. ऐकणं आणि करणं यांची जोडी लूकने बांधली. तुम्ही तिच्यातली एक गोष्ट उचलून दुसरीवर फेकता.

बेथानीच्या सुगंधी तेलाचा दाखला तर मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण तो संगमरवरी वेदी आणि एलईडी पडदे यांच्या समर्थनासाठी वापरला जातो. त्या स्त्रीने तेल कशावर ओतलं? भिंतीवर नव्हे. दोन दिवसांत ज्याला पकडून मारणार होते त्या जिवंत माणसाच्या देहावर. प्रभूने स्वतः सांगितलं की हे माझ्या पुरण्याच्या तयारीसाठी आहे. बारा शिष्यांपैकी कोणाच्याही ध्यानात न आलेलं दुःख तिला कळलं आणि तिने आपल्याकडचं सगळ्यांत मोलाचं त्याच्यासाठी मोडलं. ही सेवाच आहे. गरिबांच्या नावाने कुरकुर करणारा कोण होता, तेही योहानाने लिहून ठेवलं आहे: यहूदा इस्कर्योत, ज्याच्याकडे थैली होती आणि जो तिच्यातले पैसे लांबवत असे. आणि गरीब नेहमी तुमच्याजवळ राहतील, हे प्रभूचे शब्द जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातून येतात. तिथे त्या विधानाच्या पाठोपाठ आज्ञा आहे की म्हणून आपला हात त्यांच्यासाठी उघडा ठेव. अर्धं वचन पाठ करणाऱ्यांनी उरलेलं अर्धंही पाठ करावं.

आता आपल्या घरचा दाखला घेऊ. पंडिता रमाबाईंचं नाव प्रत्येक मराठी ख्रिस्ती मंडळी अभिमानाने घेते. त्यांच्याबद्दलही हीच वाटणी केली जाते. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, मुली तासन् तास रडून प्रार्थना करत होत्या, हे व्यासपीठावरून रंगवून सांगितलं जातं. खटारे, धान्य, विणकामाचे माग, छापखाना या गोष्टी 'आणि त्यांनी समाजकार्यही केलं' या अर्ध्या वाक्यात गुंडाळल्या जातात.

रमाबाई ख्रिस्ताकडे कोणत्या वाटेने आल्या, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथलं एक आश्रयगृह दाखवलं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या, आणि त्यांना माणूस म्हणून पुन्हा उभं करण्यासाठी त्या भगिनी झटत होत्या. शास्त्रं मुखोद्गत असलेल्या, 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या रमाबाईंना असं काही धर्माच्या नावाने चाललेलं पहिल्यांदाच दिसलं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्या स्त्रीशी विहिरीवर बोलणारा येशू तिथे रमाबाईंना भेटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यांत विद्वान स्त्रीला ख्रिस्ताचं पहिलं दर्शन घडलं ते काही बायकांच्या कामातून. तुमच्या हिशेबाने ते समाजकार्य होतं. रमाबाईंच्या आयुष्यात त्याच कामाने शुभवर्तमानाचं दार उघडलं.

पुढे रमाबाईंनीच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं लागली. हे मला आवर्जून ऐकवलं जातं: बघा, नुसतं काम पुरत नाही, हृदय बदलावं लागतं! अगदी खरं. मी तरी दुसरं काय म्हणतो आहे? हृदय बदलल्यावर रमाबाई काय करू लागल्या, ते बघा. 1896च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. त्यांचे आई-वडील आणि बहीण एका जुन्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. हाडांचे सापळे झालेल्या, काही वेळा माणसांच्या बाजारातून सुटलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या आणि पुढे केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू-छपरांखाली वसवल्या. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या जिवांना रोज दोन वेळा जेवू घालणं, उवा झालेली डोकी साफ करणं, खरूज झालेली अंगं धुणं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवणं, हे काम ज्यांनी केलं त्यांना प्रार्थनेचं मोल शिकवायला आपण कोण? आणि 1905मध्ये प्रार्थना कोण करत होतं? दुष्काळातून उचलून आणलेल्या त्याच मुली. त्या वेळेवर भाकर मिळून वाचल्या नसत्या तर ते संजीवन कोणावर आलं असतं? रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि तो छापखाना चालवणाऱ्याही तिथल्याच मुली-बाया. त्या टाईप जुळवत होत्या तेव्हा त्या उपासना करत होत्या की समाजकार्य? ज्याला ही रेघ ओढता येईल त्याने ओढून दाखवावी.

सेवा हे धर्मांतराचं आमिष आहे, हा आरोप आम्हाला बाहेरून नेहमी ऐकू येतो आणि आम्ही दुखावतो. पण आमच्यातच काहीजण विचारतात, 'त्या दवाखान्यामुळे किती आत्मे मिळाले?' हा प्रश्न आणि तो आरोप एकाच समजुतीतून येतात: सेवा स्वतः काहीच नाही, ती कशासाठी तरी असली पाहिजे. शोमरोन्याने जखमी माणसाला आधी त्याचा धर्म विचारला नाही आणि नंतर कोणता संदेशही दिला नाही. तेल-द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवला, उतारशाळेचे पैसे भरले आणि परत येतो म्हणाला. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं; एकच आभार मानायला परतला. उरलेल्या नऊंचा कुष्ठरोग परत आला, असं लूकने कुठे लिहिलेलं नाही. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत उभं केलेलं रुग्णालय पिढ्यान् पिढ्या हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती सगळ्यांना बरं करत आलं. त्यातला जो रुग्ण बरा होऊन आपल्या धर्मासह आपल्या घरी गेला, त्याच्यावरची शस्त्रक्रिया देवाच्या हिशेबी वाया गेली का?

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. 'मन साफ आहे, चार चांगली कामं करतो, मग चर्च कशाला?' म्हणणाऱ्यांनी माझा लेख आपल्या बाजूने वापरू नये. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये सोळा वर्षं राहून 1889 साली त्याच रोगाने गेलेले फादर डेमियन जखमा बांधत, शवपेट्या ठोकत, कबरी खणत, आणि रोज मिस्साही करत. मदर तेरेसांच्या भगिनींचा दिवस आजही प्रार्थनेनेच सुरू होतो. वेदीपासून सुटलेली सेवा लवकर थकते, आणि कधी कधी सेवेचाच तोरा येतो. पण खरं सांगायचं तर आमच्या मंडळ्यांना आज हा धोका नाही. आमची बाकं भरलेली आहेत. आजाऱ्यांच्या घरच्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

आमच्या ओळखीतल्या एका मंडळीतली एक बाई सरकारी दवाखान्यात आया आहे. रविवारी सकाळची पाळी संपवून ती घरी जात नाही. अर्धांगवायू होऊन पडलेल्या एका निवृत्त शिक्षकांकडे जाते. त्यांचा मुलगा परदेशी, बायको वारलेली. "गुरुजी, जरा कुशीवर व्हा" म्हणत ती पाठीखाली हात घालून त्यांना वळवते, पाठीच्या जखमा पुसून मलम लावते, खालची रबरी चादर काढून धुते, भांडं रिकामं करते, नखं वाढली असतील तर कापते. मग त्यांचा चष्मा पुसून देते आणि एखादं स्तोत्र वाचते, अडखळत, कारण तिचं शिक्षण चौथीपर्यंत. चुकली की गुरुजी जड जिभेने उच्चार सुधारतात. हे सगळं होईतो चर्चमध्ये आशीर्वाद होऊन लोक चहाला उभे असतात. मंडळीच्या हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा आहे आणि वार्षिक सभेच्या मतदार यादीत तिचं नाव नाही, कारण ठरावीक रविवार भरल्याशिवाय मताचा हक्क मिळत नाही. या नियमाची तिला तक्रार नाही. तक्रार मला आहे, आणि नियमापेक्षा जास्त एका वाक्याची आहे. चादर दोरीवर टाकताना ती मला म्हणाली, "आज पण उपासना बुडाली माझी."

तिला हे कोणी शिकवलं? आपण शिकवलं. वर्षानुवर्षं व्यासपीठावरून आणि कमिटीच्या खोलीतून, समाजकार्य वेगळं आणि उपासना वेगळी असं सांगून. गुरुजींच्या खोलीत तिने जे केलं ते मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात नोंदलेलं आहे, आणि आपल्या वहीत अनुपस्थिती म्हणून. या दोन नोंदींपैकी एक खोटी आहे, आणि ती शुभवर्तमानातली नाही.

तेव्हा पाळकांना, धर्मगुरूंना आणि कमिटीवाल्यांना माझं थेट सांगणं आहे. मनापासून केलेली सेवा हीच ख्रिस्ती उपासना आहे, रविवारच्या गीताइतकीच आणि त्याच देवापुढे. ती जिथे नाही तिथे गीत कितीही सुरात असो, देवाने ते ऐकायला नकार दिल्याचं आमोसने लिहून ठेवलं आहे. वार्षिक सभा येईल तेव्हा हजेरीचा नियम बदला; आजाऱ्याच्या सेवेत असलेल्या सभासदाला उपस्थित धरा. अंदाजपत्रकात विधवा, आजारी आणि बेकार यांची रक्कम पहिल्या ओळीत लिहा, इमारत तिच्याखाली. आणि दर रविवारी उपासना संपण्याआधी मंडळीतल्या अंथरुणावर असलेल्यांची नावं वाचा. या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाणार हे नावानिशी ठरल्याशिवाय आशीर्वादासाठी हात वर करू नका.